भिंतीवरचा बाण

चित्र खोटे बोलू शकते का, हा प्रश्न पन्नाशी उलटेपर्यंत मला कधी पडला नव्हता. शब्द खोटे बोलतात हे आपण लहानपणापासून जाणतो. आकडे खोटे बोलतात हे नोकरीत शिरल्यावर कळते. पण फळ्यावर काढलेली आकृती म्हणजे सत्याचे सर्वांत स्वच्छ रूप, अशी माझी तीस वर्षांची मास्तरी समजूत होती. ती समजूत आमच्याच शाळेच्या भिंतीने मोडली. तिची हकीकत सांगावी आणि त्यातून जो पेच माझ्यापुढे उभा राहिला तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, जिथून चंदगड तालुका म्हणजे महाराष्ट्र फार लांब नाही, अशा एका गावात आमचे हायस्कूल आहे. मराठी माध्यमाचे, अनुदानित. २०२३ च्या पावसाळ्यात बचत गटाच्या काही बायका माझ्याकडे आल्या. रेशन, अंगणवाडी, शाळेतले दुपारचे जेवण, गरोदर बायकांचे जेवण, आणि नुकतेच खात्यात येऊ लागलेले तांदळाचे पैसे हे सगळे एकमेकांशी कसे जोडलेले आहे, काय कोणाला मिळते, एक घेतले की दुसरे तुटते का, हे त्यांना कोणी नीट सांगत नव्हते. त्यातली एक म्हणाली, "भिंतीवर कायतरी काढून द्या की ओ सर. न वाचता येणाऱ्या म्हातारीलाबी कळायला पाहिजे."

मागणी साधी वाटली आणि मी लगेच हो म्हटले. शिवाय रस्त्याकडची चाळीस फूट भिंत मोकळीच होती.

कागद घेऊन बसलो तेव्हा कळले की या योजना एका हाताने, एका वेळी रचलेल्या नाहीत. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. शाळेतल्या पोषण आहाराचा केंद्रीय कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ चा. त्यात बहुतेक ठिकाणी आधी कोरडे धान्य वाटत, शिजवलेले अन्नच द्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. त्यानंतर कर्नाटकात 'अक्षर दासोह' आला. अगदी गरीब घरांसाठीची अंत्योदय योजना २००० च्या डिसेंबरातली. गरोदर आणि बाळंतीण बायकांना अंगणवाडीत दुपारचे गरम जेवण देणारी कर्नाटकाची 'मातृपूर्ण' योजना २ ऑक्टोबर २०१७ पासूनची. या सर्वांना एका छपराखाली आणायचा मोठा प्रयत्न म्हणजे २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा. प्राधान्य कार्डावर माणशी महिना पाच किलो धान्य, अंत्योदय कार्डावर घरटी पस्तीस किलो, शिवाय सहा महिन्यांच्या बाळापासून चौदा वर्षांच्या मुलापर्यंत आणि गरोदर स्त्रीला शिजवलेले किंवा पूरक अन्न. त्याच वर्षी जुलैत कर्नाटकाची 'अन्नभाग्य' योजना निघाली. दहा वर्षांनी, २०२३ च्या जुलैत, राज्याला माणशी आणखी पाच किलो द्यायचे होते. तेवढा तांदूळ मिळेना म्हणून किलोला चौतीस रुपयांप्रमाणे माणशी एकशे सत्तर रुपये कुटुंबप्रमुखाच्या खात्यात जमा होऊ लागले.

जुन्या वाड्याला पिढ्या-पिढ्यांनी खोल्या काढत जाव्यात तसे हे आहे. दारे एकमेकांसमोर येतीलच याची खात्री नाही. पण मी वाडा काढणार होतो तो मात्र एका दमात बांधल्यासारखा.

आमच्या चित्रकलेच्या सरांनी पहिला कच्चा आराखडा केला तो झाडाचा. बुंध्यावर सरकार, फांद्यांना योजनांची फळे, आणि खाली हात वर केलेली बायामाणसे व मुले. मला तो फार आवडला. स्टाफरूमच्या दारात तो कागद आम्ही निरखत असताना स्वयंपाकाच्या मावशी हिशेबाची वही घेऊन आल्या आणि थबकल्या. "सर, ही माणसं अशी हात वर करून का उभी केलासा? भीक मागायला लागल्यागत दिसत्यात. आमची पोरं ताट घेऊन ओळीत बसत्यात. हात पसरत न्हाईत."

आम्ही दोघेही गप्प झालो. ज्या योजनेवर मावशी भात रांधतात तिच्या नावातच दासोह आहे. बाराव्या शतकात कल्याणला बसवण्णांनी आणि शरणांनी या शब्दाला जो अर्थ दिला त्यात देणारा दास असतो. आपल्या कष्टाच्या कमाईतले समाजापुढे ठेवायचे आणि ठेवताना मान खाली असायची. आपल्या मराठीत अन्नदान हा शब्द आहे. पुण्यप्रद आहे, पण त्यात दाता वर आणि याचक खाली हे ठरलेले. शेजारच्या भाषेकडून घेण्यासारखे काय आहे, याची यादी आम्ही सीमाभागातले लोक फारशी करत नाही. हा शब्द त्या यादीत मी पहिल्यांदा घालीन. दुकानांवरच्या पाट्यांचेही तसेच. मराठीत 'रास्त भाव दुकान', कानडीत 'न्यायबेले अंगडी', म्हणजे न्याय्य किमतीचे दुकान. २०२३ पासून धान्य फुकट झाल्यावर दोन्ही पाट्यांवरची किंमत गेली. कानडी पाटीवर निदान न्याय तरी शिल्लक राहिला.

झाड रद्द झाले. हात वर केलेली माणसे गेली, त्यांच्या जागी ताटे आणि वाट्या आल्या.

वाट्यांची कल्पना माझी नाही. व्हिएन्नात १९२५ साली ऑटो नॉयराट नावाच्या तत्त्वज्ञाने समाज आणि अर्थव्यवस्था यांचे एक संग्रहालय काढले होते. कामगारांना, ज्यांचे शिक्षण अर्धवट सुटले अशांना, देशाचा कारभार चित्रांतून समजावा ही त्याची तळमळ. त्याचा एक नियम मला एम.ए.च्या दिवसांपासून लक्षात राहिला आहे. जास्त दाखवायचे तर चित्र मोठे काढू नये, त्याच मापाचे चित्र पुन्हा पुन्हा काढावे. मोठी पोती आणि लहान पोती पाहून डोळा फसतो. सारख्या वाट्या मोजता येतात.

म्हणून नववीच्या मुलांना प्रयोगशाळेतल्या तराजूवर तांदूळ मोजायला बसवले. महिन्याचे पाच किलो म्हणजे दिवसाचे सुमारे एकशे सहासष्ट ग्रॅम. वाटीत ओतल्यावर एक मुलगी म्हणाली, "एवढंच? दिवसभराचं?" मग शाळेचे माप मोजले. पाचवीपर्यंतच्या मुलाला एका जेवणात शंभर ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला दीडशे. म्हणजे सातवीतल्या मुलाला शाळेत एका वेळी जेवढे धान्य मिळते, जवळजवळ तेवढ्यात त्याच्या आईने कायद्याच्या पाच किलोंतून सबंध दिवस काढायचा. योजना एकमेकींना पूरक आहेत हे मी दहा वेळा सांगितले असते तरी त्या पोरांना जे कळले नसते, ते त्या दोन वाट्यांनी कळले. घरचे रेशन पुरणार नाही हे गृहीत धरूनच शाळेची वाटी ठेवली आहे. आणि म्हणूनच बायकांच्या त्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. मूल शाळेत जेवले म्हणून रेशन तुटत नाही, अंगणवाडीत जेवले म्हणूनही नाही.

मुलांनी आणखी एक गंमत शोधली. अंत्योदयाचे पस्तीस किलो घरटी आहेत, माणशी नाहीत. घरात सात माणसे असतील तर दोन्ही कार्डे सारखी. आठवे माणूस आले की सर्वांत गरीब ठरवलेल्या घराला केंद्राच्या मापाने माणशी पाच किलोंपेक्षा कमी पडते, आणि एकट्या म्हातारीला पस्तीस. हे चित्रात कसे दाखवायचे ते आम्हाला सुचले नाही, म्हणून सोडून दिले. तेव्हा त्याचे काही वाटले नाही.

ऑगस्टअखेर भिंत तयार झाली. वर मधोमध मोठ्या चौकटीत रेशन कार्ड. त्यातून निघणारे बाण अंगणवाडीकडे, शाळेकडे, गरोदर बाईच्या ताटाकडे आणि बँकेच्या पासबुकाकडे. रंग उत्तम, अक्षर वळणदार. मराठी वर की कानडी वर, यावर गावकीच्या दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी दोन्ही एका ओळीत शेजारी शेजारी लिहायचे ठरले आणि सर्वांनी चहा घेतला. बाण कुठून कुठे जावेत यावर कोणी पाच मिनिटेही बोलले नाही. मीही नाही.

२०२४ च्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला अंगणवाडीच्या बाई आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "सर, एक सांगू का, राग मानू नका. तुमच्या भिंतीमुळं एक बाई चार महिने जेवायला आली नाही."

मला आधी समजेचना. ती सून चंदगडकडची. लग्न होऊन वर्ष झालेले. तिचे नाव अजून माहेरच्या, महाराष्ट्रातल्या कार्डावर. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग इकडे अर्ज करायचा. तिकडे गेले की साहेब रजेवर, इकडे आले की अर्ज घेणे बंद. एक देश एक कार्ड झाल्यापासून दुसऱ्या राज्यातही अंगठा लावून धान्य उचलता येते, हे खरे. पण कोटा सबंध घराचा असतो; माहेरच्यांनी तिकडे महिन्याचे सगळे उचलले की हिच्या अंगठ्याला काही उरत नाही. आणि सासरी बसून माहेरच्या ताटातला वाटा कोणती मुलगी मागेल? अशात तिला दिवस गेले. अंगणवाडीतल्या जेवणाला रेशन कार्ड लागत नाही. गरोदर आहे, गावात राहते, एवढे पुरे. पण तिचा नवरा आमच्याच शाळेत दहावी झालेला. तो भिंतीपुढे उभा राहिला आणि त्याने चित्र वाचले. कार्डातून बाण निघतो, ताटाकडे जातो. म्हणजे आधी कार्ड, मग ताट. घरी जाऊन त्याने सांगितले, कार्ड होईपर्यंत थांबावे लागेल. सासूलाही ते बरेच वाटले असावे. पोटुशी सून रोज दुपारी गल्लीतून चालत जाऊन परक्या ठिकाणी जेवते, हे अनेक घरांना अजून रुचत नाही. भिंतीने तिला कारण दिले.

मी त्या मुलाला बोलावून घेतले. रागावण्यासाठी नव्हे, पण स्वर चढला असेल. "अरे, विचारायचंस तरी!" तो खाली बघत म्हणाला, "सर, बाण असेल तसं वाचत जायचं, तुम्हीच शिकवलंत की. विधेयकाचा कायदा कसा होतो, त्या धड्यात."

खरे होते. मी तेच शिकवले होते. लोकसभा, बाण, राज्यसभा, बाण, राष्ट्रपती. मधला टप्पा ओलांडता येत नाही, हे त्या बाणांनीच तर मी वर्षानुवर्षे पोरांच्या मनावर ठसवले होते. भिंतीवर मात्र माझ्या मनातला बाण वेगळा होता. ज्या घरात हे आहे त्या घराला तेही मिळते, एवढाच त्याचा अर्थ. त्या मुलाने तो पहिल्या अर्थाने वाचला. त्याचे वाचन चुकीचे ठरवायला माझ्याकडे काहीही आधार नव्हता.

चित्र खोटे बोलू शकते का, हा प्रश्न मला पडला तो तेव्हा. भिंतीवरचा एकही शब्द खोटा नव्हता. एकही आकडा चुकला नव्हता. सोपे करायचे म्हणून मी फक्त जोडले. मग खोटे कुठे शिरले?

मला वाटते, ते जोडण्यातच शिरले. आपण दोन चौकटी काढतो आणि मध्ये दोन इंचांची रेघ ओढतो, तेव्हा या दोन गोष्टींमधले अंतर दोन इंच आहे असे आपण म्हणत असतो. ते अंतर कोण चालते? कागदावर कोणीच चालत नाही. प्रत्यक्षात त्या रेघेच्या जागी एसटीचा प्रवास असतो, बुडालेली मजुरी असते, दोन राज्यांच्या दोन भाषांतले दोन अर्ज असतात. योजना एकत्र काम करतात असे आपण सहज म्हणून जातो. मला दिसले ते असे की योजना आपापल्या जागी बसून असतात. त्यांना एकत्र आणते ती बाई, पिशवीत कागद घालून. माझ्या चित्रात वाट्या होत्या, पोती होती, इमारती होत्या. चालणारी ती कुठेच नव्हती. मावशींच्या सांगण्यावरून मी पसरलेले हात पुसले, ते योग्यच केले. पण हातांबरोबर माणसेच पुसली गेली, हे लक्षात आले नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो माझ्याच सहकाऱ्यांनी घेतला. ते म्हणाले, समजावून सांगायचे तर काही गाळावेच लागते. हृदयाच्या आकृतीत आपण रोगी हृदय काढत नाही. नकाशात प्रत्येक ओढा दाखवत नाही. सगळे दाखवले तर चित्र कोणाला कळणार नाही, आणि न कळणारे चित्र काढून तरी कोणाचे भले? हा आक्षेप मला अजून पूर्णपणे खोडता आलेला नाही. शिकवणे म्हणजे गाळणे, हे मला मान्य आहे. पण काय गाळायचे हे ठरवताना आमच्या बैठकीत काय घडले ते मी विसरू शकत नाही. ज्या गोष्टी गाळल्याने चित्र सुंदर दिसत होते त्या गाळल्या. आठ माणसांचे अंत्योदय घर गाळले, कारण बसेना. दहावीनंतर मुलीला शिजवलेल्या अन्नाची वाटी कुठेच नाही, ती थेट गरोदर झाल्यावर पुन्हा येते, हे गाळले. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलाची दुपारची वाटी बंद होते, तेही गाळले. नकाशात ओढा गाळला तर वाटसरूचे पाय भिजतात. नकाशा काढणाऱ्याचे भिजत नाहीत. गाळण्याचा अधिकार आणि गाळल्याची झळ एकाच माणसाकडे असती, तर मी किती गाळले असते?

हे लिहिताना मला माझे प्राथमिक शाळेतले गुरुजी आठवतात. ते लहानपणी वार लावून शिकले. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असे सात वार सात घरांत जेवायचे. गुरुजी सांगत की राहत्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने सात घरे लिहिली होती आणि गुरुवारापुढे काहीच नव्हते. त्या दिवशी घर मिळाले नव्हते. आम्ही विचारायचो, "मग गुरुवारी काय करायचात?" ते हसून म्हणत, "बुधवारी जरा जास्त जेवायचो." वेगवेगळ्या घरांची मदत एकत्र कशी काम करते याचा तो तक्ताच होता, आणि तो काढणारा स्वतः उपाशी राहणारा होता, म्हणून त्याने गुरुवार मिटवला नाही. शेजारच्या दोन वारांच्या मधे बाण ओढला नाही.

मूल मार्चमध्ये जन्मले. मुलगी. वजन दोन किलो तीनशे. माझ्या बाणामुळे असे झाले, असे मी म्हणत नाही. चार महिन्यांच्या दुपारच्या जेवणाचा हिशेब इतका सरळ लागत नसतो, आणि संक्रांतीनंतर ती अंगणवाडीत जाऊही लागली होती. पण माझ्या बाणाचा त्यात काही वाटा नाही, असेही मला म्हणता येत नाही. मधली ही जागा फार अडचणीची आहे. न्यायालयात तिला काही नाव नसेल. रात्री झोप लागत नाही तेव्हा मात्र ती बरोबर ओळखू येते.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही भिंत पुन्हा रंगवली. आता बाण नाहीत. खाली भिंतभर एक लांब पट्टा आहे, तो घरच्या रेशनचा. त्याच्यावर आयुष्याच्या क्रमाने वाट्या आहेत: पोटातले बाळ, मांडीवरचे, अंगणवाडीतले, शाळेतले. प्रत्येक वाटीखाली तिच्यासाठी काय लागते आणि काय लागत नाही, हे चित्राने दाखवले आहे. अंगणवाडीच्या वाटीखाली कार्डावर फुली आहे. दहावीनंतर नुसत्या रेघेची रिकामी वाटी आहे. पट्ट्यावर एका ठिकाणी फट आहे आणि फटीत डोक्यावर गाठोडे घेतलेली एक बाई चालते आहे. तपासणीला आलेल्या एका गृहस्थांनी रिकामी वाटी पाहून विचारले, "ही रंगवायची राहिली वाटतं?" मी नाही म्हटले. त्यांनी पुढे काही विचारले नाही. पासबुकाचे चित्रही मग पुसावे लागले, कारण २०२५ च्या फेब्रुवारीपासून पैशांऐवजी पुन्हा तांदूळ द्यायचे राज्याने ठरवले. तिथे पांढरा चौकोन दिसतो. त्यात लगेच पोते काढायला मी चित्रकलेच्या सरांना मना केले आहे.

गेल्या महिन्यात ती सून मुलीला कडेवर घेऊन शाळेवरून चालली होती. मी फाटकात उभा होतो. मुलीने भिंतीवरच्या वाटीला हात लावला, तशी तीही थांबली आणि फटीतल्या बाईकडे बघत राहिली.

"नाव चढलं का गं इकडच्या कार्डावर?" मी विचारले.

"पोरीचं चढलं की ओ सर," ती म्हणाली. "माझं अजून तिकडंच हाय. सोमवारी जायचंय."